समुद्र बघायला गेलेल्या बावीची गोष्ट कुणाची

माझ्या नातीने एक फिल्म केली. खरी माणसं नसलेली. रंगीत कागद कातरायचे, त्यांची माणसं करायची, माड करायचे, होड्या करायच्या, ते सगळं टेबलावर मांडून फोटो काढायचा, मग केसभर सरकवायचं आणि परत फोटो. असं करत गेलं की कागद चालायला लागतो. त्याला ॲनिमेशन म्हणतात हे मला आता ठाऊक झालंय. पहिल्यांदा पुण्याला तिच्या खोलीवर गेले तेव्हा मला वाटलं होतं, एवढी शिकली, नोकरीला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी बघावं तर बालवाडीतल्यासारखी कातरकाम करत बसलीय. दोन वर्षं तेच. आणि एवढं करून फिल्म केवढी, तर पुढ्यातला चहा निवायच्या आत संपते.

गोष्ट मात्र माझ्याकडची. ती लहान असताना मी तिला सांगायचे ती. आता माझ्याकडची म्हणजे माझी का, हाच पुढे प्रश्न झाला, आणि त्या प्रश्नाचं काय झालं तेच इथे लिहिते. आधी गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मागाहून खोळंबा नको.

एका घरामागच्या परड्यात एक बाव होती. बाव म्हणजे विहीर. आमच्याकडे बावच म्हणतात, तेव्हा मीही बावच लिहिणार. समुद्र तिच्यापासून हाकेवर. पण मध्ये माडांची बाग, म्हणून तिने तो कधी बघितला नव्हता. नुसता आवाज ऐकायची. घरची माणसं पाणी काढता काढता समुद्राचं बोलायची, आज असा होता, काल तसा होता, आणि ही खाली काळोखात बसून ऐकायची. एक दिवस दुपारची सगळी जेवून आडवी झाली, तशी बाव उठली. कठडा सावरला, रहाट डोक्यावर घेतला आणि माडांमधून चालत गेली समुद्रावर. पाण्यात उभी राहिली. लाट आली, अंगावरून गेली. तिला बरं वाटलं. चहाच्या वेळेपर्यंत परत येऊन आपल्या जागी बसली. संध्याकाळी सुनेने कळशी सोडली, घोटभर पाणी तोंडात घेतलं आणि थू केलं. बाव खारी झाली होती.

सासू चिडली, सासरा चिडला, वाडीत हसं झालं. घरच्यांनी दुसरी बाव खणली आणि हिच्यावर झाप टाकला, माडाच्या विणलेल्या झावळीचा असतो तो. पण सून होती वरच्या अंगाची, डोंगराच्या पायथ्याची. ती माहेरी गेली की येताना तिथल्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, कळशीभर पाणी आणायची, झाप बाजूला करून बावीत ओतायची आणि वाकून विचारायची, "काय बघितलंस गो?" बाव थोडं सांगायची. पुढच्या खेपेला आणखी थोडं. जसं सांगत गेली तसं तिचं मीठ उतरत गेलं. सगळं सांगून झालं तेव्हा पाणी गोड लागलं.

एवढीच गोष्ट.

मे महिन्यात नात आली तेव्हा मालवणात वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिने ही फिल्म दाखवली. तारकर्लीहून आमच्या घरची सगळी गेलो. माझ्या मुलाने त्या दिवशी पर्यटकांना देतो त्या खोल्यांचं बुकिंगसुद्धा घेतलं नाही, आणि सीझनमध्ये त्याने असं करणं म्हणजे काय ते त्याच्या बायकोला विचारा. हॉल बऱ्यापैकी भरला होता. फिल्म संपली, पडद्यावर अक्षरं आली, 'मालवणी लोककथेवर आधारित', लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. साधारण माझ्याच वयाच्या, केस कापलेल्या, कडक इस्त्रीची सुती साडी.

"ही लोककथा नाही," त्या म्हणाल्या. "ही माझ्या बाबांची कथा आहे. दिवाळी अंकात छापून आलेली."

मग मागून एक आजोबा म्हणाले, "काय सांगतास बाई! ही आमच्या आजयेन सांगलेली गोष्ट. ती बाव आमच्या वाडीत आसा."

"तुमच्या वाडीत खंय? ती आमच्या देवळाकडली," दुसरीकडून कोणीतरी. "अजून खारी आसा. येवन चाखा."

"आमची पण खारी आसा!"

बघता बघता हॉलमध्ये बावीच बावी झाल्या. जो तो आपापल्या परड्यातली पुढे करायला लागला. समुद्राकाठी खाऱ्या बावींना काय तोटा? आणि आमच्या लोकांचं हे असंच. गोष्ट खरी कशावरून असं विचारलं की दाखला म्हणून जागा दाखवतात. पुस्तक दाखवायचं त्यांच्या मनातही येत नाही. नात हसायला लागली होती. त्या बाई हसल्या नाहीत.

"विहिरी तुमच्या असतील," त्या म्हणाल्या. "कथा बाबांची आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. मालवणातच, भरडाच्या बाजूला, एका नव्या इमारतीत त्यांचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर. बँकेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. सोलकढी दिली. मग आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्यात दुसरी पिशवी, आणि त्या पिशवीत तो दिवाळी अंक. पानं पिवळी, कोपरे गेलेले. त्यांनी तो आमच्या हातात दिला नाही, स्वतःच वाचून दाखवला.

तीच गोष्ट. माडांची बाग तीच, दुपार तीच, सुनेचं थू करणं तेच. फक्त डोंगराकडची कळशी त्यात नाही. बाव खारी होते, लोक दुसरी खणतात, हिच्यावर झाप टाकतात, आणि ही झापाखाली बसून पूर्वीसारखाच समुद्राचा आवाज ऐकते. फरक एवढाच की आता तिला तो आवाज कशाचा ते ठाऊक असतं. तिथे संपते. मला विचाराल तर चांगली होती.

"बाबा कचेरीत कारकून होते," बाई म्हणाल्या. "ही त्यांची एकच गोष्ट छापून आली. पुढे पुष्कळ लिहिल्या, पाठवल्या, सगळ्या परत आल्या. मग त्यांनी सोडून दिलं. त्यांचं नाव आयुष्यात एकदा छापलं गेलं, ते या पानावर. तुम्ही लोककथा म्हटलंत की ते पुसलं."

नात म्हणाली, "मावशी, लोककथा म्हणजे वाईट नाही हो. लोककथा म्हणजे सगळ्यांची."

"सगळ्यांची म्हणजे बाबांची नाही."

मग नातीने आपली अडचण सांगितली. तिची फिल्म एका मोठ्या महोत्सवात निवडली गेली होती. त्यांना लेखी कळवावं लागतं, गोष्ट कुठून घेतली. लोककथा असेल तर लोककथा, कुणा लेखकाची असेल तर त्याची किंवा त्याच्या वारसाची परवानगी. तिने लोककथा म्हणून आधीच कळवलं होतं. आता कोणी हरकत घेतली म्हटल्यावर ते गुपचूप तसंच ठेवणं तिला बरं वाटत नव्हतं. महिन्याच्या आत ठरवून सांगायचं होतं, नाहीतर तिची जागा दुसऱ्याला.

"परवानगी मी देईन," बाई लगेच म्हणाल्या. "हसत देईन. बाबांचं नाव घाला. पण शेवट बाबांचा ठेवा. ते कळशीचं काढून टाका. बाबांना असा गोड शेवट चालला नसता."

"ते नाही काढणार मी," नात म्हणाली. "त्या शेवटासाठीच तर केलीय फिल्म."

"मग बाबांचं नाव त्या शेवटाखाली कसं घालू देऊ?"

दोघी आपापल्या जागी बरोबर होत्या. मी सोलकढी प्यायले. चांगली होती, आलं जरा जास्त.

जिना उतरताना नातीने मला विचारलं, "आजी, तू कुणाकडून ऐकलीस ही?"

"आत्याकडून. देवबागला."

"तिला वाचता यायचं?"

"छे, कुठलं?"

नातीचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आत्याला वाचता येत नव्हतं म्हणजे तिने ती तोंडीच ऐकलेली, म्हणजे अंकाच्या आधीची, म्हणजे लोककथा. त्या बाईंच्या बाबांनी ती कोणाकडून तरी ऐकून लिहून काढली असणार. फिल्म वाचली. मला पण ते पटलं. आत्याचं होतं म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही? तरी म्हटलं, तिचा मुलगा आहे देवबागला, त्याला एकदा विचारून घेऊ. आपल्या एकटीच्या डोक्यावर भरवसा ठेवायचं वय राहिलेलं नाही.

हा माझा आतेभाऊ. माझ्याहून थोडा धाकटा, म्हणून मला बाय म्हणतो. पूर्वी मासेमारी, आता संगमावर पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवतो. गेलो तेव्हा बोट धुवत होता.

"बाय, इलंस? आणि ह्यां चेडू आपलां? केवढां झालां!" मग नातीला, "डॉल्फिन बघूचो आसा?"

"नाही आजोबा, एका गोष्टीसाठी आलोय."

"गोष्ट बोटीतसून दिसना नाय हां."

मी म्हटलं, "चेष्टा पुरे. तुझी आवस ती बावीची गोष्ट सांगी, समुद्रार जाता ती, आठवता तुका?"

"आठवता म्हंजे? ती बाव माझ्याच परड्यात आसा. चल, चाखून बघ."

नातीने माझ्याकडे बघितलं. "आली अजून एक विहीर," ती हळूच म्हणाली. पण गेलो. त्याने कळशी सोडली, आम्ही ओंजळीने पाणी प्यायलो. शहाळ्यासारखं गोड.

"गोड आहे की हो!" नात म्हणाली.

"मगे! हंय दर्या, थंय खाडी, दोन्हीकडे खारां पाणी, आणि मधी आमची बाव गोड. देवबागात हीच तर मजा."

"पण गोष्टीत ती खारी होते ना? आजोबा, तुमची आई ती शेवटी गोड करायची का?"

तो विचार करायला लागला. कळशी कठड्यावर ठेवून डोकं खाजवलं. "नाय. आवस खारी करून सोडी. पुढे काय म्हणान इचारलंय तर म्हणी, कावळे बघ."

कावळे म्हटलं आणि मला सगळं दिसलं. दुपारचं ऊन, वाळूवर पसरलेले बांगडे. उन्हाळ्यात मी आत्याकडे राहायला यायचे तेव्हा सुकत घातलेले मासे राखायला आम्हां पोरांना बसवायचे. हातात काठी, कावळे आले की हाकलायचे. जेवून पोट भरलेलं, झोप यायची. झोप आली की कावळ्यांची मजा. म्हणून आत्या जवळच जाळं शिवत बसायची आणि आम्हांला जागं ठेवायला सांगायची ही गोष्ट.

"दुपारची सांगी ना रे?" मी विचारलं.

"दुपारचीच. नि पहिल्या वेळेक तू केवढां रडलंस! आठवना नाय?"

आठवलं. ते मी आता सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

आमच्याकडे दिवसा गोष्ट सांगत नाहीत. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. लहानपणी हे आम्हांला इतकं पक्कं ठाऊक होतं की दुपारी कोणी 'एक होता राजा' म्हटलं तरी आम्ही कानांवर हात ठेवायचो. आता आत्या माझ्या वडिलांची बहीण. म्हणजे तिच्या मुलाचा मामा कोण, तर माझा बाप. आणि त्याच दिवशी माझा बाप खाडीपलीकडून होडीने मला न्यायला यायचा होता. आत्याने गोष्ट सुरू केली, हा आतेभाऊ ओरडला, "आवशी, दिवसा नको, मामा वाट चुकतलो!" आणि मी भोकाड पसरलं. ह्याचा मामाच फक्त चुकणार होता, माझा तर बाप जाणार होता.

आत्या हसली. अजून ते हसणं कानात आहे. म्हणाली, "रडा नको गो. ही काय खरी गोष्ट न्हय. ह्यां छापलेलां. तुझ्या आतोबान वाचून दाखवल्यान माका. छापलेल्याक मामा चुकणा नाय."

आतोबा म्हणजे तिचा नवरा. तो बोटीवर नोकरीला होता, सुट्टीवर यायचा तेव्हा मुंबईहून अंक आणायचा आणि ती मासे नीट करत असताना तिला वाचून दाखवायचा. हे आतेभावालाही आठवत होतं. बापाचं वाचणं आणि मध्येच आवशीचं "जरा दमान वाच" म्हणून ओरडणं.

मी हे नातीला सांगितलं तेव्हा ती बावीच्या कठड्यावर बसली होती. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आजी, हे तुला आत्ताच आठवायचं होतं?"

"माका काय ठावक, कधी काय आठवात तां?"

"आणि तुझे बाबा आले का मग त्या दिवशी?"

हे तिने विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं असं नाही, पण विचारलं म्हणून आधी सांगते. नाही आले. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी आदली संध्याकाळ सगळी रडण्यात घालवली, जेवले नाही, आत्याने नाना तऱ्हेने समजावलं.

नात कठड्यावरून उठलीच. "म्हणजे ती खरी लोककथाच! मामा वाट चुकला ना? आत्या तुला गप्प करायला छापलेलं म्हणाली असेल!"

"वारा होतो गो," आतेभाऊ म्हणाला. "होडी सोडूक नाय म्हणान उशीर झालो."

"वारा काय, निमित्त असतं."

इंजिनिअरिंगच्या मुलांबरोबर नोकरी करणारी माझी नात, आणि बोलत होती अशी. पण तिला दोष देत नाही. तिची दोन वर्षं त्यात अडकली होती. आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आत्या पोरांना गप्प करायला काहीही बोलायची. तिने छापलेलं म्हटलं म्हणजे छापलेलंच होतं असं कोर्टात कोणी मानणार नाही.

निघताना आतेभावाने आणखी एक काडी टाकली. त्या बाईंचे वडील कचेरीत कारकून होते हे मी बोलता बोलता सांगितलं होतं. तो म्हणाला, "कचेरीतलो कारकून? ते येयत हंय पाहणीक. आमच्याच पडवेर बसान च्या घेयत. त्येंच्यातलो एखादो असतलो तो. आमच्याच बावीचां पाणी पिलो असतलो, नि आवशीक इचारल्यान असतला, ही बाव दर्या नि खाडीच्या मधी आणि गोड कशी म्हणान."

असतलो, असतला. होऊ शकतं. म्हणजे गोष्ट इथून कचेरीत गेली, तिथून अंकात, अंकातून आतोबाच्या पिशवीत आणि परत आत्याकडे, असंही असेल. आत्या असती तर विचारलं असतं. ती जाऊन जमाना झाला, आणि असती तरी तिने "कावळे बघ" म्हटलं असतं.

रिक्षातून परत तारकर्लीला निघालो. घराजवळ आल्यावर नात म्हणाली, "सांगायचं त्यांना. छापलेलं म्हणाली होती ते."

"सांगूया."

"पण शेवट मी कापणार नाही. तो कुणाचा आहे मग? आत्याचा नाही, त्यांच्या बाबांचा नाही."

मी तो मुद्दाम रचला असं मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की ही लहान असताना जेवायला फार त्रास द्यायची. ताटात भात असेपर्यंत गोष्ट चालू ठेवायला लागायची. बाव खारी झाली तरी भात उरलेला असायचा. मग बावीचं काहीतरी पुढे करावंच लागत असणार. रोज थोडं थोडं. ती सून वरच्या अंगाची का, तर मी भात भरवत होते तेव्हा माझी सून कुडाळच्या पलीकडे, डोंगराकडे माहेरी गेलेली असायची, कदाचित म्हणून. असं काहीतरी असेल. यापलीकडे खोलात जाण्यासारखं त्यात मला दिसत नाही.

दोन दिवसांनी परत बाईंकडे गेलो. मी त्यांना दुपारचं, कावळ्यांचं, मामाचं सगळं सांगितलं. बाप दुसऱ्या दिवशी आला तेही सांगितलं, लपवून काय करायचं? कारकुनाने पडवीवर चहा घेतल्याचं मात्र सांगितलं नाही. ते आतेभावाचं असतलो-नसतलो होतं, आणि त्या बाईंना ते ऐकून घेण्याची गरज होती असं मला वाटलं नाही.

'छापलेल्याक मामा चुकणा नाय' हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, आणि म्हटलं, "म्हणजे कुणीतरी वाचली होती. देवबागला, वाळूत बसून."

"मासे नीट करताना," मी म्हटलं.

"बाबांना वाटायचं, कुणीच वाचली नाही."

मग त्या नातीला म्हणाल्या, "तुझी फिल्म परत दाखव. हॉलमध्ये मी रागात होते, नीट बघितली नाही."

नातीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देत होता. कागदाची बाव उठली, रहाट डोक्यावर घेऊन माडांमधून गेली, खारी होऊन परत आली. लोकांनी दुसरी बाव खणली. हिच्यावर झाप पडला.

"थांबव," बाई म्हणाल्या.

नातीने बटण दाबलं. पडद्यावर झाप तसाच राहिला, त्याच्या खालून नुसता कठडा दिसत होता.

"इथे बाबांची गोष्ट संपली." त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. "आता पुढचं लाव. ते मी पाहुणी म्हणून बघते."

सून कळशी घेऊन आली, वाकून विचारलं, बाव बोलली, मीठ उतरलं. संपलं.

"वाईट नाही," बाई म्हणाल्या. "पण बाबांचं नाही. माझी अट तीच आहे, याच्याखाली त्यांचं नाव नको."

नात फिल्म मागे नेत होती. झापापाशी आणून थांबली. "आणि इथे?" तिने विचारलं.

"इथे काय?"

"इथे नाव घालते. तुमच्या बाबांचं. गोष्ट, नाव, सगळं इथेच, त्यांची गोष्ट संपते तिथे. मग काळा पडदा. आणि मग पुढचं. पुढच्याखाली लोककथा नाही आणि बाबाही नाहीत. काय लिहायचं ते मी बघेन."

"मध्येच? लोकांना वाटेल फिल्म संपली."

"वाटू दे ना. त्यांची संपलेलीच असते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू मला ह्यातलं काही कळत होतं. मी मान हलवली. त्या उठून आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. मला वाटलं, नाही म्हणणार. परत आल्या तेव्हा हातात लेटरपॅड होतं, बँकेत असतानाचं उरलेलं. परवानगी त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिली, सुवाच्य अक्षरात, आणि खाली वेगळ्या ओळीत, पुढचा भाग माझ्या वडिलांचा नाही, पण माझी हरकत नाही.

महोत्सवाच्या लोकांनी विचारलं, नाव मध्येच कशाला. नातीने कळवलं, गोष्ट तिथे संपते म्हणून. त्यांनी एकदा परत विचारलं, मग सोडून दिलं. पुढच्या भागाखाली तिने काय लिहिलं ते मी सांगत बसत नाही, माझा संबंध आहे आणि मला ते जरा जास्त वाटलं.

दिवाळीत ती आली तेव्हा त्याच वाचनालयात फिल्म परत दाखवली. बाई आपल्या इमारतीतल्या चार-पाच बायकांना घेऊन आल्या होत्या. सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, लग्नाला आल्यासारख्या. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होते. झाप पडला, पडदा काळा झाला आणि त्यावर त्यांच्या बाबांचं नाव आलं, मोठ्या अक्षरात. शेजारणींनी टाळ्या सुरू केल्या, मग सगळा हॉल. लोक चपला शोधायला लागले, खुर्च्या सरकल्या, एक आजोबा तर दारापर्यंत गेले, आणि वाचनालयाचा शिपाई दिवे लावायला बटणांपाशी पोहोचला.

बाई जागच्या हलल्या नव्हत्या. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी शेजारणीच्या मनगटाला धरून तिला खाली बसवलं, आणि बँकेत रांगेतल्या लोकांना सांगत असतील तशा आवाजात म्हणाल्या, "बसा, बसा सगळे. अजून आहे."

शिपायाने बटणावरचा हात काढला. पडद्यावर सून डोंगराकडून कळशी घेऊन येत होती.